दिशेने बांधलेला खेळ

गोखिवऱ्यात मोकळी जागा शोधायची तर आता बरीच पायपीट करावी लागते. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला वसई रोड स्टेशन आणि या दोहोंच्या मधे कारखान्यांचे गाळे, गोदामे, चाळी आणि वर्षागणिक उंच होत चाललेल्या सोसायट्या. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि जे गाव होते ते शहरात जमा झाले. मुले मात्र खेळायची थांबलेली नाहीत. हाती लागेल त्या जागेच्या मापाने ती खेळ निवडतात. दोन इमारतींच्या मधल्या बोळात डबा ऐसपैस चालतो, पार्किंगच्या फरशीवर विषामृत आणि साखळी. कबड्डीला मातीचा एखादा तुकडा अजून मिळतो. खो-खो मात्र शाळेच्या किंवा एखाद्या मंडळाच्या मैदानाशिवाय दिसत नाही.

कारण अगदी साधे आहे. खो-खोचे मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते, म्हणजे 432 चौरस मीटर. पार्किंगमध्ये एका मोटारीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. त्या हिशेबाने एका खो-खोच्या मैदानात 34 गाड्या उभ्या राहतात. कबड्डीचे मैदान 13 बाय 10 मीटरचे, तिथे जेमतेम दहा गाड्या. लालबाग-परळच्या चाळींमधून कबड्डी टिकली आणि वाढली, त्यात या आकड्याचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. गोखिवऱ्यासारख्या भराभर भरत चाललेल्या वस्तीत आज 34 गाड्यांची जागा मुलांसाठी राखून ठेवणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते इथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

जागा वाचवायची तर ती कशासाठी, हेही कळायला हवे. म्हणून या लेखात खो-खोच्या पोटात शिरायचे आहे. पाठलागाच्या कुठल्याही खेळात तीनच प्रश्न असतात. तुम्ही उभे कुठे आहात, तुमचे तोंड कुठे आहे आणि तुम्हाला हलायची मुभा किती. विषामृतात ‘विष’ मिळालेला गडी जागीच थिजतो. तो हलू शकत नाही, पण त्याची जागा खेळात असते, कारण ‘अमृत’ द्यायला सवंगड्याला तिथवर पोचावेच लागते. साखळीत राज्य असलेली मुले हात धरून पळतात. जितकी साखळी लांब तितका तिचा आवाका मोठा आणि तितकेच तिचे वळणे अवघड. डबा ऐसपैसमध्ये पळण्यापेक्षा कोण कुठून दिसतो याला महत्त्व. मुले हे सारे न शिकवता खेळतात. खो-खोने मात्र या तीन प्रश्नांपैकी दिशेचा प्रश्न हातात घेतला आणि त्यावर इतके कडक बंधन घातले की त्यातून एक वेगळाच खेळ उभा राहिला.

मैदानाच्या दोन टोकांना दोन खुंट असतात, जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर उंच. खुंटांमध्ये 24 मीटरचे अंतर आणि ते जोडणारी 30 सेंटिमीटर रुंदीची मधली पाटी. या पाटीला आडव्या पाट्या छेदतात आणि त्या छेदांवर आठ चौक तयार होतात. दोन चौकांत साधारण 2.3 मीटर मोकळी जागा. आठ चौकांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी उकिडवे बसतात, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून. नववा गडी पाठलागाला उभा. पळणाऱ्या संघाचे एका वेळी तीनच गडी मैदानात असतात. पारंपरिक सामन्यात एक पाळी नऊ मिनिटांची.

नऊ विरुद्ध तीन म्हटल्यावर पळणाऱ्यांचे काही खरे नाही असेच कोणाला वाटेल. तसे होत नाही, कारण पळणाऱ्याला साऱ्या मैदानात मनाला येईल तसे पळता येते आणि पाठलाग करणाऱ्याचे पाय नियमांनी जखडलेले असतात. त्याने मधली पाटी ओलांडायची नाही. एकदा डावी किंवा उजवी दिशा धरली की खुंटाच्या रेषेपर्यंत तीच धरून जायचे, मधेच उलट फिरायचे नाही. खांदे जरी दिशेपासून जास्त वळवले तरी पंच शिट्टी वाजवतो. मागे टाकलेल्या गड्याकडे परत येऊन खो देता येत नाही. नियम मोडला तर पंच त्याला उलट दिशेने पिटाळतो आणि त्या चुकीच्या ओघात कोणी बाद झाला असेल तर ते बाद धरत नाहीत. मोकळीक मिळते ती फक्त खुंटांच्या पलीकडच्या दीड मीटरच्या पट्ट्यात. तिथे दिशेचा नियम लागू नाही.

या बंधनांवर उतारा एकच, खो. बसलेल्या गड्याच्या पाठीमागून जाऊन त्याला हात लावायचा, ‘खो’ म्हणायचे आणि त्याच्या चौकात बसायचे. तो उठतो तो ज्या बाजूला त्याचे तोंड आहे त्या बाजूला. आता त्या एकाआड एक बसण्याचा अर्थ लागतो. पाठलाग करणारा एका बाजूला पळत असतो तेव्हा त्याला चार गड्यांच्या पाठी दिसतात आणि चौघांची तोंडे. ज्यांच्या पाठी दिसतात त्यांनाच तो खो देऊ शकतो आणि ते सगळे पलीकडच्या बाजूला उठणारे असतात. म्हणजे जी पाटी एकट्याला ओलांडता येत नाही ती संघाला ओलांडता येते. खो देणारा बसतो तोही उठलेल्याच्याच दिशेला तोंड करून, त्यामुळे मांडणी कितीही खो झाले तरी मोडत नाही. पळापळ सुरू होऊन पाच मिनिटे झाली तरी मैदानावर चार तोंडे इकडे आणि चार तिकडे, ही वाटणी कायम असते. ज्या कोणी ही रचना पहिल्यांदा सुचवली असेल त्याची बुद्धी मला फार मोठी वाटते. नावाने तो माणूस आपल्याला ठाऊक नाही. नियमांना लेखी रूप देण्याचे काम पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये सुरू केले, पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यात भर घातली आणि महाराष्ट्रात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 च्या सुमारास नियमांचे पुस्तक काढले. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली 1959-60 मध्ये, विजयवाड्याला.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते दोन-तीन सेकंदांच्या खेळावरून पाहू. समजा गोखिवऱ्यातल्या एका मैदानात एक खुंट डोंगराकडे आहे आणि दुसरा स्टेशनकडे. मधल्या पाटीची एक बाजू विरारकडची, दुसरी नायगावकडची. डोंगराकडून मोजत गेलो तर पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी मुलगी विरारकडे तोंड करून बसली आहे, उरलेल्या चौघी नायगावकडे. पाठलाग करणारी विरारच्या बाजूने डोंगराकडून स्टेशनकडे निघाली आहे. पळणारी तिच्या पुढे, पाचव्या चौकाच्या समोर. पळणारी अचानक थांबते, डाव्या खांद्याने हूल देते, खाली वाकते आणि पाठलाग करणारीच्या हाताखालून निसटून उलट डोंगराकडे पळू लागते. अंतर असेल हातभर. पण पाठलाग करणारीला वळायची परवानगी नाही. नियम माहीत नसलेला माणूस इथे हमखास ओरडतो, ‘अगं, मागे बघ, मागे!’ ती मागे बघत नाही. ती चौथ्या चौकाशी आहे. चौथी नायगावकडे तोंड करून बसलेली, म्हणजे तिची पाठ समोर. हात लागतो, ‘खो’. चौथी नायगावच्या बाजूला उठते, डोंगराची दिशा धरते, दोन-तीन पावलांत तिसऱ्या चौकापाशी पोचते. तिसरी विरारकडे तोंड करून बसलेली, तिची पाठ आता हिच्या समोर. पुन्हा ‘खो’. तिसरी उठते ती थेट विरारच्या बाजूला, डोंगराकडे पळत सुटलेल्या मुलीच्या अगदी पुढ्यात.

उलट फिरण्याची किंमत दोन खो. एक पाटी ओलांडायला आणि एक परत यायला. हे गणित कळले की खो-खो पाहण्याची नजर बदलते. पळणाऱ्या मुलीला हे गणित पाठ असते. निसटल्यानंतर आपल्याला दोन खोंइतका वेळ आहे हे तिला माहीत असते आणि तो वेळ कुठे खर्च करायचा हे ती हूल देण्याआधीच ठरवून असते. आपल्या उदाहरणात तिसरी उठताना दिसताच ती तिसऱ्या आणि चौथ्या चौकामधून नायगावच्या बाजूला निसटेल. तिसरीला आता पाठ दिसते ती दुसरीची आणि चौथ्या चौकात नुकत्याच येऊन बसलेल्या मुलीची. म्हणजे जिच्या हातून ती पहिल्यांदा सुटली तीच मुलगी क्षणभरात पुन्हा तिच्या मागे लागू शकते. मैदानाच्या कडेला बसलेले लोक टाळ्या वाजवतात ते सूर मारून बाद करणाऱ्या मुलीसाठी. माझ्या मते अर्ध्या टाळ्या चौथ्या चौकाशी क्षणाचाही वेळ न घालवता खो देणाऱ्या मुलीच्या असतात.

बसलेल्या गड्याकडेही नीट पाहावे. तो विश्रांती घेत नसतो. शरीराचे वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर, टाचा उचललेल्या, बोटे जमिनीला टेकलेली, मान पळणाऱ्याच्या मागोमाग फिरणारी. एक पाय पुढे ठेवून बसायच्या पद्धतीला प्रशिक्षक ‘बुलेट टो’ म्हणतात, दोन्ही पाय समांतर ठेवायच्या पद्धतीला ‘पॅरलल टो’. पहिलीत उठताक्षणी झेप मिळते, दुसरीत डावी-उजवी दिशा शेवटच्या क्षणापर्यंत हातात राहते. गड्याला खो मिळतो तो पाठीमागून, म्हणजे तो डोळ्याने दिसत नाही, कानाने आणि पाठीला झालेल्या स्पर्शाने कळतो. यात एक फायदा दडलेला आहे. आवाज ऐकून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण 0.15 सेकंद लागतात, पाहून सुरू करायला 0.2 सेकंदांच्या आसपास. फरक दिसायला नगण्य आहे. पण पळणारा सेकंदाला पाच मीटर पळत असेल तर तेवढ्या वेळात तो आणखी वीतभर पुढे जातो आणि खो-खोत वीतभर अंतरावर गडी वाचतो किंवा बाद होतो. म्हणून खो मोठ्याने, स्पष्ट आणि स्पर्शाच्या त्याच क्षणी द्यायला हवा. आधी आवाज आणि मागून हात आला तर तो खो चुकीचा ठरतो.

दिशा बदलायची दुसरी जागा म्हणजे खुंट. इथे भौतिकशास्त्र उघड्यावर येते. पळताना वळायचे तर शरीराला आत खेचणारे बल लागते आणि मोकळ्या मैदानात ते फक्त पाय आणि जमीन यांच्यातल्या घर्षणातून मिळते. चांगल्या पकडीच्या जमिनीवर हे घर्षण शरीराच्या वजनाच्या साधारण आठ-दशांशापर्यंत जाते. सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने वळणाऱ्या मुलीला तेवढ्या घर्षणावर सुमारे दीड मीटर त्रिज्येचे वळण घ्यावे लागेल. त्यापेक्षा आखूड वळायला गेली तर पाय घसरणार. खुंटाला हाताचा वेढा घातला की वळणाची त्रिज्या हाताच्या लांबीइतकी, सुमारे 70 सेंटिमीटर होते. या वळणाला लागणारे बल शरीराच्या वजनाच्या जवळजवळ पावणेदोन-दोन पट. आठ-दशांश पाय देतात, उरलेले सारे हाताने आणि खांद्याने द्यायचे. ढोबळ हिशेब केला तरी 50 किलो वजनाच्या मुलीच्या एका हातावर त्या क्षणी तिच्या स्वतःच्या वजनाइतका ताण येतो. खुंटावर वळताना खेळाडू इतके आत का कलतात, खुंट जमिनीत पक्का का रोवायचा असतो आणि तो गुळगुळीत का ठेवायचा असतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सरावांत, जमीन वरून सुकलेली आणि खाली ओल धरून असलेली असते तेव्हा, घर्षण आणखी कमी होते आणि हाताचे काम वाढते. लहान मुलांना तेव्हा खुंटावर पूर्ण वेगाने वळायला लावू नये.

खुंटाचा उपयोग पाठलागालाच जास्त. म्हणून जाणता पळणारा खुंटापासून दूर राहतो आणि मैदानाच्या मधल्या भागात खेळ ओढतो. त्याच्या पळण्याच्या पद्धतींना मैदानावर ठरलेली नावे आहेत. बसलेल्या प्रत्येक गड्याला वळसा घालत, दर चौकाला पाटी ओलांडत जाणे ही एकेरी साखळी. यात पाठलाग करणाऱ्या संघाला सतत खो द्यावे लागतात आणि तोंडाला फेस येतो. दोन-दोन गडी सोडून ओलांडले की दुहेरी साखळी. तीन-चार गड्यांभोवती गोल फिरत राहायचे ते रिंगण. रिंगणात दम जास्त लागतो, पण दिशा ठरवण्याचा हक्क पळणाऱ्याकडे राहतो. मुरलेला खेळाडू एका पद्धतीतून दुसरीत इतक्या सहज शिरतो की बसलेल्यांपैकी कोणाला खो मिळणार याचा अंदाजच बांधता येत नाही.

या साऱ्यात पळणारा पाहतो काय? पाठलाग करणाऱ्याचा चेहरा खोटे बोलू शकतो, हातही बोलू शकतात. खांद्यांची रेषा आणि मागच्या पायाची टाच सहसा खोटे बोलत नाही. खो मिळालेला गडी उठतो तेव्हा दिशा धरण्याआधीचे त्याचे पहिले पाऊल हा दोघांसाठी निर्णयाचा क्षण असतो. पाऊल पडण्याआधी दोन्ही दिशा खुल्या, पाऊल पडले की एक कायमची बंद. पळणारा त्या पावलापर्यंत थांबतो आणि मग उलट बाजूला जातो. घाई केली तर पाठलाग करणारा त्याच्याच दिशेला वळणार, उशीर केला तर हात लागणार. खो-खो हा वेगाचा खेळ आहे असे आपण म्हणतो, पण त्यात आधी न हलण्याचा संयमही तितकाच लागतो. अखिल भारतीय स्पर्धांत उत्तम कुमार खेळाडूला मिळणारा पुरस्कार वीर अभिमन्यूच्या नावाचा आहे. पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई. आठ बसलेल्या आणि एका धावत्या गड्याच्या वेढ्यात उभ्या असलेल्या पोराला अभिमन्यूचे नाव देणाऱ्यांनी खेळ आतून पाहिला होता.

दिशेचे बंधन खो-खोनेच शोधले असे मात्र नाही. आट्यापाट्यांत ते याहून कठोर आहे. तिथे नऊ पाट्या आडव्या आखतात, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 11 फूट, आणि पाटीची रुंदी 13 इंच. सगळ्यांना मधोमध छेदत सूरपाटी जाते, 89 फूट 1 इंच लांबीची. अडवणारा गडी आपल्या पाटीवरच राहायचा, पाटी सोडली की संपले. म्हणजे त्याला हलायला एकच रेघ. चुकवून जाणाऱ्याला सारे अंगण. रेघेवरचा माणूस मोकळ्या माणसाला कसा अडवतो? एकटा नाहीच अडवू शकत. पाटीवाला बाजूने आणि सूरपाटीवाला काटकोनात असे दोघे मिळून कोपरा तयार करतात आणि त्या कोपऱ्यात गडी सापडतो. या खेळाचा उगम मिठागरांत झाला असावा असे एक मत आहे. नायगाव-भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते अरुंद बांध आणि मधले वाफे आठवून हे मत सहज पटेल. आट्यापाट्या आता फार कमी शाळांत दिसतात. खो-खोला जी प्रतिष्ठा मिळाली तिचा थोडा तरी वाटा या खेळाला मिळायला हवा होता.

कबड्डीत गोष्ट वेगळी. तिथे दिशेवर बंदी नाही, पण मैदानच माप बदलते. मैदान 10 मीटर रुंद, पण दोन्ही कडांचे एक-एक मीटरचे राखीव क्षेत्र सुरुवातीला बंद असते. चढाई करणारा कोणाला शिवण्याआधी त्यात पाऊल टाकेल तर बाद. शिवाशिवी झाली की ते क्षेत्र खुले होते. म्हणजे आठ मीटर रुंदीच्या मैदानात सुरू झालेली झटापट एका स्पर्शाने दहा मीटरच्या मैदानात येते. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर, बोनस रेषा त्याच्याही पुढे एक मीटर. चढाई करणारा जितका आत जातो तितकी परतीची वाट लांबते, आणि परतताना सगळ्यात मोठा धोका कोपऱ्यातल्या गड्यांचा. कारण ते चढाई करणाऱ्याच्या नजरेच्या कडेला असतात आणि तो घराकडे वळला की पाठीमागे येतात. म्हणून चांगला चढाईपटू बाजूबाजूने सरकत जातो आणि पाठ फिरवणे शेवटच्या क्षणावर ढकलतो. कबड्डीवर लिहायचे तर वेगळा लेख लागेल. इथे एवढेच, की तिच्यात जागा हुकूम चालवते आणि खो-खोत दिशा.

दिशेच्या बंधनाची सगळ्यात जुनी शाळा मात्र बुद्धिबळाचा पट आहे. प्यादे हे एकच मोहरे असे की जे मागे येऊच शकत नाही. उंट ज्या रंगाच्या घरात सुरुवात करतो तो रंग डाव संपेपर्यंत सोडत नाही. घोडा दर खेळीला रंग बदलतो आणि वाटेत कोण उभे आहे याची पर्वा करत नाही. वजीर मात्र आठही दिशांना जातो, म्हणून तो पटावर एकटाच पुरतो. ऑगस्ट 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्या नियमकर्त्यांनी नेमके हेच मोहरे मैदानात आणले. प्रत्येक संघात एक ‘वजीर’, ज्याला पाठलाग करताना दिशेचे बंधन नाही. तो वळू शकतो, उलट फिरू शकतो. पहिल्या हंगामाचे विजेतेपद ओडिशा जगरनॉट्सने मिळवले. त्यानंतर 13 ते 19 जानेवारी 2025 या काळात दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. एका मराठी खेळाचा हा प्रवास पाहून छाती भरून येते.

वजीर आल्याने पळणाऱ्याचे दोन खोंचे गणित बिघडले. पूर्वी पाठलाग करणाऱ्याच्या मागे निसटलो की ती बाजू काही क्षण निर्धास्त असायची. वजीर उठलेला असेल तर ती निर्धास्ती उरत नाही. मग पळणाऱ्याला सतत ध्यानात ठेवावे लागते की वजीर या घडीला कोणत्या चौकात बसला आहे, त्याची पाठ कुठल्या बाजूला आहे आणि त्याला खो मिळायला अजून किती खो हवेत. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला खेळ जास्त वेगवान आणि कळायला सोपा वाटतो हे खरे. एक वजीर ठीक आहे, त्याने डावपेचांत भर पडली. पण गड्यांपैकी तीन-चार वजीर करा, गती आणखी वाढवा, अशी मागणी उद्या कोणी केली तर ती मान्य करू नये. सगळेच वळू शकले तर एकाआड एक बसण्याचे कारण संपेल, मधली पाटी नुसती आखलेली रेघ उरेल आणि खो देण्याची गरजच भासणार नाही. आणि शाळेतल्या मुलांना तर खो-खो आधी वजिराशिवायच शिकवावा. वळता येत नाही म्हणून चौथीला खो द्यायचा, चौथीने तिसरीला द्यायचा, हे एकदा पायांत बसले की मग वजीर हाताळणे त्यांना कठीण जाणार नाही. उलट क्रमाने शिकलेल्या मुलांना वजीर बसलेला असला की काय करायचे ते सुचत नाही.